हिंवाळ्याच्या रात्री आणि घरगुती वाचन

कार्तिकी एकादशी झाली, तुळशीचें लग्न लागलें, आणि चार महिने रोज उघडली जाणारी पोथी पुन्हां बासनांत बांधली गेली, म्हणजे आपल्याकडील पुष्कळ घरांत संध्याकाळचें वाचन थांबतें. आषाढी एकादशीपासून ज्या घरांत हरिविजय, रामविजय किंवा पांडवप्रताप ह्यांपैकीं एखादा ग्रंथ चाललेला असतो, त्याच घरांत मार्गशीर्ष लागतांच जेवणें आटोपून जो तो आपापल्या खोलीची वाट धरतो. वस्तुतः एकत्र बसून वाचण्यास खरी अनुकूल वेळ येते ती ह्यानंतरच. पुण्याच्या बाजूस जून महिन्यांत तेरा तासांहून थोडा मोठा असणारा दिवस डिसेंबरांत अकरा तासांवर येतो. सहाच्या सुमारास अंधार पडूं लागतो, ओसरीवर बसवत नाहीं, आणि घरांतलीं माणसें आपोआप एका उबेच्या जागेकडे ओढलीं जातात. दत्तजयंतीपूर्वीं गुरुचरित्राचे सप्ताह होतात हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु तें पारायण सोवळ्याचें, नियमाचें आणि बहुधा एकट्याचें असतें. आम्ही म्हणतों तें वाचन निराळें.

ह्या लेखांत आम्हांला सांगावयाचें आहे तें एवढेंच, कीं हिंवाळ्याच्या ह्या दोन महिन्यांत घरांतील सर्व माणसांनीं रोज अर्धा तास एकत्र बसून एखादें पुस्तक मोठ्यानें वाचावें, आणि तें पुस्तक एकाच्याच हातांत न राहतां हातोहातीं फिरावें. ह्यांतील पहिला भाग बहुतेकांस पटतो. दुसऱ्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. आणि आमच्या मतें सारें मर्म त्या दुसऱ्या भागांतच आहे.

आपल्या भाषेंत विद्वान् मनुष्यास बहुश्रुत म्हणतात. ज्यानें पुष्कळ वाचलें तो नव्हे, तर ज्यानें पुष्कळ ऐकलें तो. हा शब्द उगीच पडलेला नाहीं. छापखाने येण्यापूर्वीं पोथी ही दुर्मिळ वस्तु होती, आणि एका पोथीवर सबंध आळीची तहान भागत असे. श्रीधरस्वामींनीं १७०२ सालीं हरिविजय, १७०३ सालीं रामविजय आणि १७१२ सालीं पांडवप्रताप पुरा केला. ह्या ग्रंथांचे अध्याय अनुक्रमें ३६, ४० आणि ६४; तिन्ही मिळून १४० होतात, म्हणजे रोज एक म्हटला तरी एक चातुर्मास पुरावयाचा नाहीं. एकेक अध्याय असा बेतलेला, कीं ऐकणाऱ्यास कंटाळा येण्याच्या आंत तो संपावा आणि उद्यांची ओढ मात्र राहावी. लिहितांनाच कवीच्या डोळ्यांपुढें वाचणारा एक आणि ऐकणारे पुष्कळ होते, हें त्या रचनेवरून स्पष्ट दिसतें. ज्या बायांना अक्षरओळख नव्हती त्यांनाहि कर्णाचें आणि सीतेचें सारें चरित्र तोंडपाठ असे, तें ह्या ऐकण्यामुळेंच.

ऐकण्याचा आणखी एक मोठा गुण असा, कीं त्यांत हात मोकळे राहतात. मनांत वाचणाऱ्यास काम सोडून बसावें लागतें. ऐकणारास तसें करावें लागत नाहीं. ही गोष्ट आपल्याहून फार दूरच्या आणि फार थंड अशा एका देशानें चांगली ओळखली होती. उत्तर समुद्रांतील आइसलंड बेटावर डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम चार तासांचा दिवस असतो. तेथील शेतकऱ्यांचीं घरें गवताळ मातीच्या ढेपळांनीं बांधलेलीं असत, आणि धनी, धनीण, मुलें व गडीमाणसें अशीं सर्वजण एकाच लांबट खोलींत बसत, काम करीत व निजत. संध्याकाळीं दिवा लागला कीं लोकर पिंजणें, सूत काढणें, विणणें हीं कामें सुरू होत. आणि एकजण दिव्याजवळ बसून जुन्या वीरकथा मोठ्यानें वाची किंवा लांबलचक पद्यकथा सुरावर म्हणे. ह्या बैठकीस ते लोक 'क्वोल्डवाका' म्हणत. त्याचा अर्थ संध्याकाळचें जागरण. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही रीत चालू होती. शेंकडों वर्षांपूर्वीं लिहिलेल्या त्या कथा तेथील अगदीं गरीब घरांतहि जिवंत राहिल्या, ह्याचें पुष्कळसें श्रेय त्या लोकरीच्या कामास आणि त्या एका दिव्यास आहे.

आपल्याकडे थंडी तितकी कडक नाहीं, पण थंडीचीं म्हणून बसून करावयाचीं कामें आपल्याहि घरांत असतात. वाटाणे आणि ओले हरभरे सोलावयाचे असतात, तीळ निवडावयाचे असतात, वर्षाच्या वाती वळावयाच्या असतात. संक्रांतीचा हलवा ज्यांनीं घरीं केला आहे त्यांना हें अधिक सांगावयास नको. शेगडीच्या मंद आंचेवर परात ठेवून, तिळावर पाक चमचा चमचा सोडीत, बोटांनीं सारखें फिरवीत बसावें लागतें. घाई केली कीं काटा येत नाहीं, आणि हवा थंड असेल तितका तो चांगला फुलतो. हें काम कित्येक दिवस पुरतें. त्या वेळीं हात गुंतलेले असतात आणि कान अगदीं रिकामे असतात. अशा कानांवर कांहीं चांगलें पडावें ह्याहून सोपी ज्ञानाची सोय दुसरी कोणती?

येथवर आम्ही जुन्या पद्धतीची तरफदारी केली. आतां तिच्यांतील उणेंहि सांगितलें पाहिजे. पोथी वाचणारा ठरलेला असे आणि ऐकणारींहि ठरलेलीं असत. पुराणिकबोवा किंवा घरांतील वडील पुरुष चौरंगापुढें बसावयाचा. बायकांनीं माजघराच्या दाराशीं, सुनांनीं त्याहून मागें, आणि विधवांनीं अगदीं कोपऱ्यांत बसावयाचें. वाचणारा तो सांगणारा, ऐकणारीं तीं मान डोलावणारीं, अशी ही वांटणी. स्त्रिया शिकूं लागल्या तेव्हांहि ती एकदम मोडली नाहीं. रमाबाई रानडे ह्यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० सालीं निघालें. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना माधवरावांनीं घरीं शिकविण्यास आरंभ केला, आणि त्यापायीं घरांतील वडील बायकांचीं किती बोलणीं सोसावीं लागलीं हें त्यांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे. पुढें त्याच रमाबाई माधवरावांना वर्तमानपत्रें व पुस्तकें वाचून दाखवूं लागल्या. हातांतील पुस्तक नवऱ्याकडून बायकोकडे जाण्यास त्या घरीं एवढें सोसावें लागलें. मग इतर घरांची गोष्ट बोलावयास नको.

ह्या बाबतींत आमच्याच घरांतील एक प्रसंग सांगितल्यावांचून आमचें म्हणणें पुरतें कळणार नाहीं, म्हणून तो सांगतों.

१९५७ सालचा मार्गशीर्ष महिना. नाशिकास आमचा जुना वाडा होता आणि घरांत लहानमोठीं चौदा माणसें होतीं. चातुर्मासांत आजोबा पोथी वाचीत. थंडी पडली म्हणजे काका एखादी कादंबरी काढीत. त्या वर्षीं त्यांनीं हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' काढली. ही कादंबरी प्रथम आपट्यांच्या 'करमणूक' पत्रांतून क्रमानें येत गेली आणि १८९३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. यमू नांवाची मुलगी आपली हकीकत आपल्या तोंडानें सांगते, अशी तिची मांडणी आहे. त्यामुळें ती वाचून दाखविण्यास फार सोयीची. आम्ही त्या वेळीं दहा वर्षांचे होतों, आणि यमूच्या लहानपणचे खेळ व भांडणें ऐकण्यासाठीं जेवण अर्धें टाकून धांवत असूं.

आजोबांची एक धाकटी बहीण घरांत असे. तिला लहानथोर सारे आत्याबाईच म्हणत. १९०३ सालीं, तेराव्या वर्षीं, तिच्या कपाळचें कुंकू गेलें आणि ती माहेरीं परत आली, ती कायमचीच. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, आणि पुढ्यांत कापसाची टोपली, असें तिचें रूप आम्हांला आठवतें. लहानपणीं आजोबांच्या पाटीवरून ती अक्षरें शिकली होती. दुपारीं सारे निजले म्हणजे ती शिवलीलामृत काढून बसे. पण चारचौघांत तिनें वाचलेलें कोणीं ऐकलें नव्हतें. संध्याकाळच्या वाचनास ती माजघराच्या उंबऱ्याशीं बसून वाती वळी. यमूच्या गोष्टींतल्या विनोदास ती पदराआड हंसे, हें आमच्या मुलांच्या बरोबर ध्यानांत आलें होतें.

पंधरा-वीस दिवस गेले. यमूचा नवरा तिला लिहावाचावयास शिकवतो, दोघें मुंबईस येतात, सुखाचे दिवस येतात. आणि मग तो नवरा जातो. पुढें सासरच्या माणसांनीं तिचें केशवपन करविण्याचा भाग येतो. काकांनीं पुढचें पान उलटून पाहिलें, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "घसा बसल्यासारखा झालाय. आज एवढेंच पुरे." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं चिं. वि. जोशी ह्यांचें 'चिमणरावाचें चऱ्हाट' आणलें. आम्ही मुलें पोट धरून हंसलों. मोठीं माणसेंहि हंसत होतीं. पण एकमेकांकडे पाहत नव्हतीं. तिसऱ्या दिवशीं पुन्हां चिमणराव निघाले, तेव्हां आत्याबाईंनीं हातांतली वात टोपलींत ठेवली.

"त्या यमूचें पुस्तक कोठें आहे रे?" त्यांनीं काकांना विचारलें.

"आत्याबाई, पुढचा भाग फार दुःखाचा आहे. मुलें बसलीं आहेत—"

"मुलांचें राहूं दे. तूं माझ्यासाठीं थांबवलेंस, हें मला कळत नाहीं होय? तुला वाचवत नसेल तर आण इकडे. मी वाचतें."

आजीनें आजोबांकडे पाहिलें. आजोबा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं आपला चष्मा काढला, उपरण्यानें पुसला आणि बहिणीपुढें धरला. आत्याबाई उंबऱ्यावरून उठून दिव्याजवळ येऊन बसल्या. ओळीखालीं बोट धरून, पोथी वाचावी त्याच संथ सुरांत, एखाद्या जोडाक्षरावर अडखळत, त्यांनीं तें सबंध प्रकरण वाचलें. काकू तोंडाला पदर लावून रडत होत्या. आत्याबाईंचा सूर मात्र बदलला नाहीं. वाचून झाल्यावर त्यांनीं खुणेची काडी पानांत घातली, चष्मा परत केला आणि म्हणाल्या, "ह्या गृहस्थानें कोणाला तरी विचारून लिहिलेलें दिसतें. मला कोणीं विचारलें नव्हतें." मग त्या उंबऱ्याशीं जाऊन पुन्हां वाती वळूं लागल्या.

दुसऱ्या संध्याकाळीं आजोबांनीं तें पुस्तक आपल्या हातानें दिव्याजवळ ठेवलें आणि बहिणीस म्हणाले, "ये, इकडे बैस." राहिलेली कादंबरी आत्याबाईंनींच पुरी केली. पुढच्या हिंवाळ्यापासून घरांत असा नियम झाला, कीं जो ऐकतो त्यानें वाचावयाचेंहि. आणि आजीपासून आमच्यापर्यंत सर्वांवर पाळी येऊं लागली. आत्याबाई त्यानंतर अकरा वर्षें होत्या. तेवढ्या अवधींत त्यांच्या तोंडून आम्हीं किती पुस्तकें ऐकलीं त्याची गणती नाहीं.

ह्या प्रसंगाचा विचार आम्हीं पुढें पुष्कळ वेळां केला आहे. काका आत्याबाईंना जपत होते, असें त्यांना वाटत होतें. वस्तुतः ते स्वतःला जपत होते. आणि आम्ही सारेच आपापल्या परीनें जपत होतों. ज्या गोष्टीवर घरांत ५४ वर्षें कोणीं शब्द काढला नव्हता, ती गोष्ट दुसऱ्या एका मुलीच्या नांवानें माजघरांत येऊन बसली होती. ती तशीच परतवून लावणें फार सोपें होतें. वाचणारा एकच असता, तर तो कोणतें पान गाळतो आणि कोणतें ठेवतो हें सर्वस्वीं त्याच्या हातीं राहिलें असतें, आणि आत्याबाई जन्मभर उंबऱ्याशींच बसून राहिल्या असत्या. ऐकणारास दुसऱ्याचें बोलणें मिळतें. वाचणारास आपला आवाज मिळतो. ह्या दोहोंत फार अंतर आहे. म्हणून आम्ही म्हणतों, कीं पुस्तक हातोहातीं फिरलें पाहिजे.

आतां आजच्या काळाकडे वळूं. आलवण गेलें, उंबऱ्यावरची ती जागा गेली, मुली मुलांच्या बरोबरीनें शिकल्या. तेव्हां ह्या नियमाची आज काय गरज, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें, कीं घरांतील न बोलणारीं माणसें नाहींशीं झालेलीं नाहींत. तीं बदललीं मात्र आहेत. इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या नातवाला देवनागरी ओळ भरभर वाचतां येत नाहीं, म्हणून तो मराठी पुस्तक हातींच धरीत नाहीं. दुसऱ्या प्रांतांतून सून होऊन आलेल्या मुलीस मराठी समजतें, पण बोलतांना कोणी हंसेल ह्या भीतीनें ती गप्प असते. ज्यांची दृष्टि मंद झाली त्या आजोबांना पुस्तक सुटल्याचें दुःख असतें, आणि तें कोणास सांगवत नाहीं. नोकरीवरून थकून आलेला मुलगा मोबाईल उघडून बसतो. तोहि एका अर्थीं घरांत नसतोच. एका छपराखालीं राहून ज्यांचीं जगें वेगळीं झालीं आहेत अशा ह्या माणसांना रोज अर्धा तास एकच गोष्ट ऐकावयास मिळाली, तर दुसऱ्या दिवशीं एकमेकांशीं बोलण्यास कांहीं तरी विषय होतो. एकत्र कुटुंबांत स्वयंपाकघर आणि खर्च एक असून भागत नाहीं. हंसणें आणि हळहळणेंहि एक असावें लागतें.

कोणी म्हणेल, आतां उत्तम वाचकांच्या आवाजांत मुद्रित केलेलीं पुस्तकें विकत मिळतात. मग घरांतल्या अडखळत्या वाचनाचा हट्ट कशाला? तीं पुस्तकें प्रवासांत अथवा आजाऱ्याच्या उशाशीं फार उपयोगाचीं आहेत, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्या आवाजास मध्येंच थांबवून "म्हणजे काय हो?" असें विचारतां येत नाहीं, आणि ऐकणाऱ्यांपैकीं कोणाचा चेहरा उतरला हें त्या आवाजास दिसत नाहीं. घरच्या आवाजाचें सामर्थ्य मोठें असतें. गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचीं जाहीर अभिवाचनें त्यांच्या कन्या वीणा देव आणि जांवई विजय देव ह्यांनीं कित्येक वर्षें केलीं, आणि पुढें त्यांत नातहि सामील झाली. वेषभूषा नाहीं, देखावा नाहीं. हातांत पुस्तक घेऊन बसलेलीं एका घरचीं माणसें, एवढ्यावर भरलेलें सभागृह तास-दोन तास खिळून राहत असे. तें कसब सर्वांना साधेल असें नाहीं. पण त्याची सुरुवात कोणाच्याहि माजघरांत होऊं शकते.

"वेळ नाहीं" हा आक्षेप सर्वांत मोठा; म्हणून त्याचा हिशेब मांडून दाखवितों. साध्या छापाचें पान मोठ्यानें वाचण्यास सुमारें तीन मिनिटें लागतात. अर्ध्या तासांत दहा पानें होतात. तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत सुमारें दोन महिने मिळतात. त्यांतले वीस दिवस पाहुणे, लग्नकार्यें आणि परीक्षा ह्यांत गेले असें धरलें, तरी चाळीस दिवस उरतात. म्हणजे चारशें पानें, अर्थात् मध्यम आकाराचीं दोन पुस्तकें, सर्व घराची मिळून वाचून होतात. एकेकट्यानें वर्षांत इतकें मराठी वाचणारीं माणसें आपल्या घरांत किती आहेत, हें ज्याचें त्यानें मोजून पाहावें.

आमच्या घरीं अनुभवानें ठरलेल्या कांहीं गोष्टी येथें देतों. वाचकांनीं आपल्या सोयीप्रमाणें त्यांत फेरफार करावा. वेळ ठरलेली असावी आणि ती अर्ध्या तासाच्या पुढें नेऊं नये. पुढें काय झालें ही उत्सुकता राहिली असतांनाच पुस्तक मिटावें. पाळी सर्वांवर यावी. लहान मुलानें चार ओळी वाचल्या तरी त्याची पाळी झाली असें समजावें. वाचतांना कोणी चुकला तर हंसूं नये, आणि वाक्यावाक्यास थांबवून दुरुस्तहि करूं नये. शब्द अगदींच कळेनासा झाला तर शेजारच्यानें हळूच सांगावा. वाचन संपल्यावर मुलांना "ह्यावरून तूं काय शिकलास?" असा प्रश्न कदापि विचारूं नये, त्यानें गोष्टीची शाळा होते. काम करणाऱ्या माणसास वाचणाऱ्याच्या सर्वांत जवळची जागा द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं वाचन चालूं असतां कोणीं चहा मागूं नये. हें वाचून कित्येकांस हंसूं येईल; पण ज्या बैठकीतून सुनेस तीनदां उठून स्वयंपाकघरांत जावें लागतें, ती बैठक घराची नव्हे, घरांतल्या कांहींजणांची आहे. चहा आधीं व्हावा किंवा मागाहून, आणि तो करण्याचीहि पाळी लावावी.

कोणतें पुस्तक घ्यावें, ह्याविषयीं मतभेद होणारच. आमचा अनुभव असा, कीं केवळ बोधपर म्हणून निवडलेलें पुस्तक चार दिवसांत बंद पडतें. ज्यांत बोलणारा माणूस ऐकूं येतो, तें पुस्तक टिकतें. घरांत मुलें असतील तर साने गुरुजींचें 'श्यामची आई' घ्यावें. तें त्यांनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. आणि त्यांतल्या भागांना प्रकरणें न म्हणतां 'रात्री' म्हटलें आहे. अशा ४२ रात्री आहेत. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्रीं एकेक आठवण सांगतो, तेव्हां रोज एकेक वाचणें हीच त्या पुस्तकाची स्वाभाविक रीत. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून चार भागांत निघालीं. लग्नानंतर अक्षरें शिकलेल्या ह्या बाईंचें लिहिणें इतकें बोलण्यासारखें आहे, कीं वाचणारा चांगला नसला तरी पुस्तक आपणच आपल्याला वाचून घेतें. ज्यांना इतिहासाची आवड असेल त्यांनीं वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' काढावा; १८५७ च्या धामधुमींत उत्तरेकडे गेलेल्या एका गरीब भिक्षुकाची ती डोळ्यांनीं पाहिलेली हकीकत आहे, आणि ती १९०७ सालीं प्रसिद्ध झाली. दांडेकरांच्या 'पडघवली'ची कोंकणी बोली मनांत वाचून कळत नाहीं तितकी मोठ्यानें वाचून कळते. आणि दर दोन गंभीर पुस्तकांमागें एक चिमणरावांचें किंवा पु. ल. देशपांड्यांचें असावें, हंसलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशीं बोलवावें लागत नाहीं.

राहिला प्रश्न नको वाटणाऱ्या पानांचा. लहान मुलांच्या वयास न शोभणारें कांहीं असेल तर पुस्तक आधीं कोणीं तरी चाळून ठेवावें, हें योग्यच आहे. परंतु मोठ्या माणसांपैकीं कोणाला दुःख होईल म्हणून एखादें पान गाळावयाचें असेल, तर गाळण्यापूर्वीं त्या माणसास विचारावें. तें माणूस "नको" म्हणालें तर पुस्तक मुकाट्यानें मिटावें. पण तें काय म्हणेल हें आपणच ठरवून टाकूं नये. आमच्या घरीं तें ठरवून टाकलें होतें, आणि आम्ही सारे चुकलों होतों.

आत्याबाईंच्या हातचें तें पुस्तक आज आमच्यापाशीं आहे. त्याची बांधणी दोनदां नवी केली. खुणेची काडी मात्र अजून त्यांतच आहे. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या नातीनें तें वाचावयास घेतलें. ती जोडाक्षरांवर अडखळते, आणि 'आलवण' म्हणजे काय तें तिला विचारावें लागलें. आम्हीं सांगितलें. ती क्षणभर गप्प बसली, आणि मग ओळीखालीं बोट धरून पुढें वाचूं लागली. ह्या वर्षींचा मार्गशीर्ष आतां दूर नाहीं. आमच्या वाचकांपैकीं दहा घरांनीं जरी तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या संध्याकाळीं एखादें पुस्तक काढून घरांतल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाच्या हातीं दिलें, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.